फुटपाथ-सायकल मार्गाचा फेडरल निधी: अवॉर्डचं पत्र हातात आहे, पण नियम बदलतायत. आता काय करायचं?

रारितनकाठ (प्रश्न)

मिडलसेक्स काउंटी, न्यू जर्सी. टाउनशिपच्या सायकल-पादचारी सल्लागार समितीसाठी विचारतोय. दोन कामं आहेत.

काम अ: शाळेपासून लायब्ररीपर्यंत १.१ मैलांचा, १० फूट रुंद शेअर्ड-यूज पाथ, म्हणजे पादचारी आणि सायकल दोन्हींसाठीचा मार्ग. वाटेत तीन क्रॉसिंग, त्यातल्या दोनांवर आरआरएफबी, म्हणजे बटण दाबल्यावर लुकलुकणारे पिवळे दिवे. ट्रान्सपोर्टेशन ऑल्टरनेटिव्हज सेट-असाइडमधून (पुढे ‘टीए’ म्हणतो) अवॉर्डचं पत्र आलंय. डिझाइन तीस टक्क्यांवर आहे.

काम ब: काउंटीचा चारपदरी रस्ता तीनपदरी करून दोन्ही कडांना सायकल लेन. यासाठी सेफ स्ट्रीट्स अँड रोड्स फॉर ऑलमध्ये (एसएस४ए) अर्ज करावा असं काहींचं म्हणणं आहे.

प्रश्न असे:
१. हे पैसे देणारा सध्याचा फेडरल कायदा (२०२१चा) ३० सप्टेंबर २०२६ला संपतो. त्या दिवशी अ चे पैसे बुडतात का? कौन्सिलमधले एक सदस्य तसं ठामपणे सांगतायत.
२. २० टक्के मॅच (बिगर-फेडरल वाटा) रोखच भरावा लागतो का?
३. पदर कमी करणाऱ्या कामांचे ग्रँट रद्द झाल्याच्या बातम्या आहेत. मग ब साठी अर्ज करण्यात अर्थ आहे का?
४. बाय अमेरिकाचे (साहित्य अमेरिकन हवं असे) नियम दिव्यांना आणि रेलिंगला कसे लागू होतात?

---

नकाशे_आणि_निधी

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या. अ आणि ब चे पैसे दोन वेगळ्या नळांतून येतात. बातम्यांमध्ये दोन्ही एकाच वाक्यात येतात आणि घोळ तिथेच सुरू होतो.

टीए हा फॉर्म्युला निधी आहे, म्हणजे कायद्यातल्या सूत्रानुसार राज्यांना मिळणारा. २०२१च्या पायाभूत सुविधा कायद्यानुसार सरफेस ट्रान्सपोर्टेशन ब्लॉक ग्रँटमधले १० टक्के टीएसाठी बाजूला काढले जातात. २०२२ साली ही रक्कम साधारण १.३८ अब्ज डॉलर होती आणि दरवर्षी थोडी वाढत गेली. राज्याच्या वाट्यातले ५९ टक्के लोकसंख्येनुसार वाटले जातात (आधीच्या कायद्यात ५० टक्के होते), उरलेले राज्यात कुठेही वापरता येतात. दोन लाखांवरच्या शहरी पट्ट्यातली निवड एमपीओ, म्हणजे प्रादेशिक वाहतूक नियोजन संस्था करतं. तुमच्या काउंटीसाठी ते एनजेटीपीए. म्हणजे तुमचं काम वॉशिंग्टनमधल्या कुणी निवडलेलं नाही, त्यामुळे तिथून पत्र पाठवून ते रद्द करणंही तितकं सोपं नाही.

एसएस४ए, बिल्ड (आधीचं रेझ) आणि रीकनेक्टिंग कम्युनिटीज हे स्पर्धात्मक ग्रँट. निवड थेट फेडरल परिवहन खात्याची, आणि करारावर सही होईपर्यंत घोषणेला पैशाचं वजन नसतं. २०२५च्या सुरुवातीला घोषणा झालेले पण करार न झालेले असे सुमारे ३,२०० ग्रँट खात्यात पडून होते. त्यांची फेरतपासणी झाली आणि त्यात सायकल सुविधा मुद्दाम वेगळ्या काढून पाहिल्या गेल्या. नेबरहूड ॲक्सेस अँड इक्विटी या ग्रँटचे ज्यांचं ऑब्लिगेशन (फेडरल सरकारनं पैसे त्या कामाला कायद्यानं बांधून देणं) झालं नव्हतं ते पैसे तर ४ जुलै २०२५ला सही झालेल्या कायद्यानं सरळ परतच घेतले. ज्यांचं ऑब्लिगेशन झालं होतं, ते वाचले.

आता प्रश्न १. टीएचे पैसे ज्या वर्षी राज्याला मिळाले ते वर्ष आणि पुढची तीन वर्षं ऑब्लिगेट करता येतात. २०२६चे पैसे म्हणजे ३० सप्टेंबर २०२९ पर्यंत. कायद्याची मुदत संपली म्हणून राज्याला आधीच वाटलेले पैसे नाहीसे होत नाहीत. शिवाय मुदतवाढ ही इथली जुनी रीत आहे. २००५चा कायदा २००९मध्ये संपला आणि २०१२पर्यंत तुकड्यातुकड्यांनी वाढवत नेला. २०१५चा कायदाही २०२०मध्ये एक वर्षानं वाढवला. त्यामुळे तुमच्या सदस्यांचं म्हणणं जसंच्या तसं बरोबर नाही.

पण त्यांची काळजी अगदीच निराधार नाही. तीन धोके खरे आहेत.

पहिला रिसिशनचा. काँग्रेस कधीकधी राज्यांकडे पडून असलेले पैसे परत मागते. २०१२च्या आधी असं झालं तेव्हा कुठल्या खात्यातून परत द्यायचे हे बऱ्याच अंशी राज्यांच्या हातात होतं, आणि त्यांनी सायकल-पादचारी खात्यावर हात जरा जास्तच चालवला. पडून राहिलेली शिल्लक हे सगळ्यात सोपं सावज.

दुसरा ट्रान्सफरचा. राज्य टीएचे ५० टक्क्यांपर्यंत पैसे दुसऱ्या कार्यक्रमात वळवू शकतं. २०२१पासून त्याला अट आहे: स्पर्धा घेतली, अर्जदारांना तांत्रिक मदत देऊ केली, तरी पुरेसे योग्य अर्ज आले नाहीत, असं राज्यानं प्रमाणित करायचं. पुढच्या कायद्यात ही अट राहील का, इकडे लक्ष ठेवा. रकमेच्या आकड्यापेक्षा ही अट महत्त्वाची आहे असं माझं मत.

तिसरा तुमचाच, म्हणजे उशीर. तीस टक्के डिझाइन हा धोक्याचा टप्पा आहे. काम रद्द होण्याइतकं लहान नाही आणि ऑब्लिगेट होण्याइतकं तयार नाही.

कौन्सिलला सांगायला एकच वाक्य: अवॉर्ड म्हणजे साखरपुडा, ऑथरायझेशन (पैसे ऑब्लिगेट करून टप्पा सुरू करायची फेडरल परवानगी) म्हणजे लग्न.

---

बेएरिया_दोनचाकी

वरच्या उत्तराला जोड. आमच्याकडे कॅलिफोर्नियात त्या ऑथरायझेशनच्या कागदाला ई-७६ म्हणतात. तुमच्याकडे नाव वेगळं असेल, अर्थ तोच. त्यावरच्या तारखेच्या आधी केलेला खर्च परत मिळत नाही. आणि हा प्रत्येक टप्प्याला वेगळा लागतो: डिझाइन, जागा, बांधकाम. डिझाइनचं ऑथरायझेशन आहे म्हणून बांधकामाची निविदा काढली, तर ते सगळं काम टाउनशिपच्या खिशातून.

---

कलम_तेवीस

प्रश्न २. रोखच भरायला हवा असं नाही. नेहमीचं गणित ८०-२० आहे, पण मॅच कुठून आणायचा याला वाटा आहेत.

टोल क्रेडिट: राज्यातल्या टोल यंत्रणांनी स्वतःच्या पैशानं केलेल्या भांडवली खर्चाचं क्रेडिट राज्याला मिळतं आणि ते बिगर-फेडरल वाटा म्हणून दाखवता येतं. न्यू जर्सीकडे टर्नपाइक आणि पार्कवे असल्यानं हे क्रेडिट चांगलं आहे आणि राज्य ते वापरतं. यात नवे पैसे येत नाहीत हे मात्र विसरू नका. फेडरल वाटा १०० टक्के होतो, म्हणजे तेवढीच रक्कम फेडरल खात्यातून जास्त जाते.

एचएसआयपी: हायवे सेफ्टीचे पैसे टीएच्या कामात मॅच म्हणून लावायला २०२१च्या कायद्यानं परवानगी दिली. फेडरल पैशाला फेडरल पैशाचा मॅच, ऐकायला विचित्र वाटतं, पण कायद्यात आहे. काम एचएसआयपीलाही पात्र हवं. तुमच्या दोन आरआरएफबी क्रॉसिंगना ते लागू पडू शकतं, लायब्ररीपुढच्या बाकांना नाही.

सरासरी: राज्यानं ठरवलं तर मॅच एकेका कामाचा न मोजता सगळ्या कार्यक्रमाचा मिळून मोजता येतो. मग एखाद्या कामाला १०० टक्के फेडरल चालतं, फक्त वर्षाची सरासरी राखायची. हे टाउनशिपच्या हातात नाही, राज्याला विचारावं लागतं.

यातलं काय तुम्हाला लागू आहे ते अवॉर्डच्या पत्रात आणि राज्याशी होणाऱ्या करारात लिहिलेलं असतं. कोणता टप्पा धरलाय तेही तिथेच पाहा. फक्त बांधकाम धरलं असेल तर डिझाइनचा खर्च टाउनशिपचा.

आणि मॅच शून्य असला तरी रोकड लागतेच. ही परतफेडीची योजना आहे: आधी ठेकेदाराला द्या, मग राज्याकडे बिल पाठवा. पूर्ण रकमेचा बाँड ऑर्डिनन्स (कर्ज उभारायचा टाउनशिपचा ठराव) आधी मंजूर करून ठेवा. ‘शंभर टक्के ग्रँट आहे, मग बाँड कशाला?’ हा प्रश्न प्रत्येक कौन्सिलमध्ये येतो आणि त्यात दोन महिने जातात.

---

डांबरगिट्टी

प्रश्न ४ माझ्याकडे घेतो, कारण इथे तारीख खरोखर महत्त्वाची आहे.

बाय अमेरिकाचे तीन कप्पे आहेत, आणि एक वस्तू एकाच कप्प्यात बसते.

लोखंड-पोलाद: वितळवण्यापासून शेवटच्या कोटिंगपर्यंत सगळं अमेरिकेत. तुमचं रेलिंग, दिव्यांचे पोलादी खांब, अँकर बोल्ट, क्रॉसिंगच्या उतारावरच्या बिडाच्या ठिपक्यांच्या प्लेटा, सगळं यात. सूट किरकोळ: कराराच्या ०.१ टक्का किंवा २,५०० डॉलर, यातली जी रक्कम जास्त असेल तेवढंच परदेशी पोलाद चालतं. पाच लाखांच्या करारात ०.१ टक्का म्हणजे ५०० डॉलर, म्हणून तुम्हाला २,५०० लागू. एवढ्यात फार तर नट-बोल्ट बसतात.

बांधकाम साहित्य: पीव्हीसी पाइप, ॲल्युमिनियमचे साइनबोर्ड, काच, लाकूड वगैरे. सिमेंट, खडी, वाळू यात धरत नाहीत.

उत्पादित वस्तू: आरआरएफबीचा कंट्रोलर-सोलर पॅनेल-दिवा संच, सायकल मोजणारे काउंटर. या कप्प्याला १९८३पासून सरसकट सूट होती. ती जानेवारी २०२५च्या नियमानं काढली. १ ऑक्टोबर २०२५ किंवा नंतर ऑब्लिगेट होणाऱ्या कामात अंतिम जुळणी अमेरिकेत हवी. १ ऑक्टोबर २०२६ किंवा नंतर ऑब्लिगेट होणाऱ्या कामात त्याशिवाय सुट्या भागांच्या किमतीचा ५५ टक्क्यांहून जास्त हिस्सा अमेरिकन हवा.

म्हणजे तुमचं ऑथरायझेशन ऑगस्टमध्ये झालं तर जुळणीचं प्रमाणपत्र पुरतं. तेच ऑक्टोबरमध्ये गेलं, तर सोलर पॅनेल आणि बॅटरी कुठली हे विचारणारा नियम लागतो. सप्टेंबर २०२६च्या आत ऑथरायझेशन उरकण्याचं हे खरं कारण.

डिझाइनरला आत्ताच सांगा: निविदेत ‘बाय अमेरिका लागू’ एवढं एक वाक्य टाकून भागत नाही. वस्तूंची कप्पेवार यादी हवी, आणि बसवण्याआधी मिल सर्टिफिकेट (पोलाद कुठे बनलं याचा कारखान्याचा दाखला) हातात हवं, नंतर नाही. खांब बसल्यावर कागद मिळाला नाही, तर खांब काढा किंवा त्याचे पैसे सोडा.

आता ऑथरायझेशनला लागणाऱ्या गोष्टी. काम टीआयपी-एसटीआयपीमध्ये (एमपीओच्या आणि राज्याच्या मंजूर कामांच्या याद्या) त्याच वर्षात, त्याच रकमेसह आहे ना ते पाहा. रक्कम जुनी असेल तर दुरुस्ती करून घ्यायला आठवडे जातात. पर्यावरण मंजुरी: सायकल-पादचारी मार्ग कॅटेगोरिकल एक्सक्लूजनच्या (सविस्तर पर्यावरण अभ्यास न लागणाऱ्या कामांच्या) यादीत थेट आहेत, फेडरल नियम ७७१.११७च्या (सी)(३)मध्ये. तरी पुरातत्त्व, पाणथळ जागा, पार्कची जमीन ही तपासणी वेगळी होते. मार्ग पार्कमधून जात असेल तर पार्कच्या जमिनीला संरक्षण देणारं कलम ४(एफ) बघावं लागतं. पार्क ज्यांच्या ताब्यात आहे त्यांचं लेखी ‘या कामानं पार्कचा फायदाच आहे’ असं पत्र आणलं तर टीएच्या कामांना तिथे अपवाद मिळू शकतो. पत्र आणायला एक दिवस लागतो, पण मागायचं लक्षात यायला वर्ष. त्याशिवाय जागेचं प्रमाणपत्र आणि युटिलिटीचं (विजेचे खांब वगैरे) प्रमाणपत्र.

युटिलिटीबद्दल फक्त एवढंच: १.१ मैलात विजेचे खांब किती आहेत ते आज मोजा. पाथची कड खांबापासून निदान दोन फूट हवी. जिथे बसत नाही तिथे पाथ वळवा, खांब हलवू नका. खांब हलवण्याचं वेळापत्रक वीज कंपनीचं असतं, तुमचं नसतं.

मजुरी: पाथ रस्त्यापासून दूर असला तरी टीएच्या पैशावर डेव्हिस-बेकनचे (फेडरल कायद्यानं ठरलेले किमान मजुरी) दर लागतात, दर आठवड्याला प्रमाणित पेरोल घ्यावा लागतो. जुनी निविदा कॉपी करत असाल तर डीबीईचं (वंचित उद्योजकांना कामाचा वाटा देण्याच्या कार्यक्रमाचं) पान काढून नवं टाका. ऑक्टोबर २०२५मध्ये तो नियम बदलला आहे. वंश किंवा लिंगावरून वंचित मानण्याचं गृहीतक गेलं, राज्यात प्रमाणपत्रांची फेरतपासणी पूर्ण होईपर्यंत करारावर लक्ष्य टाकता येत नाही. जुन्या टक्केवारीसह निविदा गेली तर ती परत येते.

---

रारितनकाठ

सगळ्यांचे आभार. टीआयपीमधली रक्कम खरंच जुनी निघाली, दुरुस्तीला टाकतोय.

एक नवा मुद्दा. मार्गात एका प्रार्थनास्थळाची २०० फूट लांब, ८ फूट रुंद पट्टी लागते. ते दान द्यायला तयार आहेत आणि तोंडी बोलणं झालंय. लिहून घेतलं की झालं ना?

---

कलम_तेवीस

नाही, थांबा. दान असलं तरी युनिफॉर्म ॲक्ट (फेडरल कामांसाठी जागा घेण्याचा कायदा) लागतो. क्रम असा:

आधी पर्यावरण मंजुरी, मग जागेचं बोलणं. उलट केलं तर ‘मार्ग आधीच ठरवून बसलात’ असा आक्षेप येतो.

मालकाला लेखी कळवा की त्यांना जागेचं मूल्यांकन आणि योग्य मोबदला मागण्याचा हक्क आहे. त्यानंतर त्यांनी हा हक्क सोडत असल्याचं लेखी द्यावं. त्यांच्यावर दबाव नव्हता हे कागदावर दिसलं पाहिजे. मग दस्त नोंदवा. संस्थेच्या वतीनं सही करणाऱ्याला तसा अधिकार आहे, म्हणजे विश्वस्तांचा ठराव आहे, हे तपासा. इथेच बहुतेक दानं अडकतात.

बांधकामाच्या वेळी त्यांच्या पार्किंगमध्ये यंत्र उभं करायचं असेल तर त्याची तात्पुरती ईझमेंट (जागा वापरण्याचा हक्क) वेगळी, आणि तिलाही हाच सगळा क्रम.

तोंडी बोलणं झालंय ते ठीक, पण मोबदल्याबद्दल ‘हो-नाही’ असं पत्र किंवा ईमेल अजून गेलं नसेल तर आता राज्याच्या जागा विभागाला विचारल्याशिवाय पाठवू नका.

---

बेएरिया_दोनचाकी

प्रश्न ३ अजून कुणी उचललेला नाही.

चार पदरांचे तीन करणं हे एफएचडब्ल्यूएच्याच (परिवहन खात्यातला फेडरल महामार्ग विभाग) सिद्ध सुरक्षा उपायांच्या यादीत आहे. त्यांच्याच आकड्यानुसार एकूण अपघात १९ ते ४७ टक्क्यांनी कमी होतात. दुसरीकडे, त्याच खात्यानं सप्टेंबर २०२५मध्ये काही ग्रँट परत घेताना ‘रस्त्याची वाहनक्षमता कमी होते’ हे कारण दिलं. विसंगती आहे, पण अर्ज लिहिताना विसंगतीशी वाद घालून गुण मिळत नाहीत.

माझं मत: ब साठी एसएस४एच्या अंमलबजावणी ग्रँटच्या मागे लागू नका. २०२४च्या फेरीत त्याची किमान रक्कम २५ लाख डॉलर होती. तुमचं काम मुख्यतः रंगाचं आहे, ते एवढं फुगवावं लागेल. आधी ॲक्शन प्लॅन (रस्ते सुरक्षेचा आराखडा) हवा. जिंकलात तरी करार होईपर्यंत टांगती तलवार.

---

नकाशे_आणि_निधी

अर्धं मान्य. अंमलबजावणीसाठी नको, पण काउंटीचा किंवा एमपीओचा ॲक्शन प्लॅन आहे का ते बघा. प्लॅन असला की पुढच्या कुठल्याही फेरीत उभं राहता येतं, आणि एचएसआयपीच्या अर्जातही तो कामाला येतो.

ब साठी माझी पहिली पसंती एचएसआयपी. तिथे ‘असुरक्षित रस्ता वापरकर्ते’ नावाचा विशेष नियम आहे: राज्यातल्या एकूण रस्ते-मृत्यूंपैकी १५ टक्के किंवा जास्त पादचारी, सायकलस्वार वगैरे असतील तर पुढच्या वर्षी एचएसआयपीचे किमान १५ टक्के त्यांच्याच सुरक्षेवर ऑब्लिगेट करावे लागतात. मोटरसायकलस्वार यात मोजत नाहीत. न्यू जर्सी त्या रेषेच्या कितीतरी वर आहे. म्हणजे राज्याला असं काम शोधायचंच आहे. फेडरल वाटा ९० टक्के.

मात्र टाउनशिप थेट अर्ज करू शकत नाही. एनजेटीपीएच्या लोकल सेफ्टी कार्यक्रमात अर्जदार म्हणजे त्यांचे १५ उपप्रदेश: १३ काउंट्या, नेवार्क आणि जर्सी सिटी. रस्ता काउंटीचाच आहे, त्यामुळे अर्ज काउंटीनं करायचा, तुम्ही ठराव आणि अपघातांची माहिती द्यायची. रस्ता एमपीओच्या अपघातप्रवण यादीत आहे का हे आधी विचारा. यादीत खूप खाली असेल तर कितीही सुंदर नकाशे जोडा, काही होत नाही.

रोजची वाहतूक २०,००० गाड्यांच्या आत असेल तर तीनपदरीचं समर्थन सोपं जातं. त्यावर असेल तर चौकांचं विश्लेषण करून ठेवा. सुनावणीत तोच प्रश्न येणार.

---

डांबरगिट्टी

आणि सगळ्यात स्वस्त वाट कुणीच सांगितली नाही. काउंटीच्या पुनर्डांबरीकरणाच्या यादीत हा रस्ता कधी आहे ते विचारा. नवं डांबर पडल्यावर पट्टे मारावेच लागतात, ते चारऐवजी तीन पदरांचे मारायचे. जास्तीचा खर्च फक्त हिरव्या रंगाचा आणि चिन्हांचा. काउंटीच्या स्वतःच्या पैशानं झालं तर फेडरल कागदच नाही. आणि एमयूटीसीडीच्या (रस्त्यावरच्या खुणा-पाट्यांची फेडरल नियमावली) ११व्या आवृत्तीत, डिसेंबर २०२३च्या, सायकल लेनचा हिरवा रंग आता रीतसर आहे. पूर्वीसारखी वेगळी परवानगी मागायला नको.

एक अट. डांबरीकरण हा एडीएच्या (अपंगांच्या हक्कांचा कायदा) दृष्टीनं ‘बदल’ धरतात, म्हणजे त्या लांबीतले कोपऱ्याचे उतार सुधारावे लागतात. पट्ट्यांचा हिशेब करताना लोक हेच विसरतात. उताराचा चढ ८.३ टक्के, आडवा उतार २.१ टक्के ही कमाल. डिझाइन ७.५ आणि १.५वर करा. काँक्रीटवाल्याच्या हाताला अर्धा टक्का इकडेतिकडे होतोच, आणि तपासनीस डिजिटल लेव्हल घेऊन येतो.

---

रारितनकाठ

डांबरीकरणाची यादी मागवतो. अ बद्दल शेवटचं: राज्याकडून येणाऱ्या करारात नव्या अटी असतात असं ऐकलं. सही करण्याआधी काय पाहायचं?

---

कलम_तेवीस

टाउनशिपच्या वकिलाकडून वाचून घ्या, समितीत नको. २०२५मध्ये फेडरल करारांत स्थलांतर कायद्याच्या अंमलबजावणीत सहकार्य वगैरे अटी घातल्या गेल्या. राज्यांचा गट कोर्टात गेला आणि रोड आयलंडच्या फेडरल कोर्टानं जून २०२५मध्ये त्या अटींना अंतरिम मनाई दिली. न्यू जर्सी त्या गटात आहे. तुमच्या करारात कोणती आवृत्ती आहे हे वकिलानं पाहावं.

बाकी जुन्याच गोष्टी. देखभाल कायम तुमची, टीएच्या पैशातून बर्फ काढता येत नाही. खर्च अंदाजाच्या वर गेला तर फरक तुमचा, म्हणून बांधकामाच्या देखरेखीचे १०-१५ टक्के अंदाजात वेगळे धरा. आणि ऑथरायझेशननंतर १२ महिने एकही बिल गेलं नाही तर काम ‘निष्क्रिय’ यादीत जातं आणि पैसे मोकळे करायची मागणी होते. दर तिमाहीला बिल पाठवा, रक्कम छोटी असली तरी.

---

नकाशे_आणि_निधी

तारखेबद्दल एक. दर ऑगस्टमध्ये एफएचडब्ल्यूए इतर कार्यक्रमांत न वापरली जाणारी ऑब्लिगेशनची मर्यादा (वर्षात किती पैसे ऑब्लिगेट करता येतील तो आकडा) राज्यांमध्ये पुन्हा वाटते. २०२४मध्ये ती ८.७ अब्ज डॉलर होती. ती वापरायला राज्याला सप्टेंबरअखेरपर्यंत तयार कामं हवी असतात, त्यामुळे जूनमध्ये पूर्ण फाइल घेऊन गेलेल्या टाउनशिपचा फोन राज्य स्वतःहून उचलतं. तुमची फाइल जूनपर्यंत पूर्ण होते का ते उलट्या क्रमानं मोजा: आधी दानपत्र, मग टीआयपी दुरुस्ती, मग खांबांची मोजणी.